ओहोटीला जाळ्यात आलेले कप

थंडी पडू लागली की गोव्यात रविवारची पहाट धावणाऱ्यांची होते. अजून उजाडायचे असते, रस्त्यावर पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा पोंप-पोंपही सुरू झालेला नसतो, आणि छातीवर क्रमांक लावलेली माणसे हातपाय मोकळे करत उभी असतात. २०१९ मध्ये पणजीच्या मिरामारवर पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणे. आता तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत कुठे ना कुठे दहा, एकवीस किंवा बेचाळीस किलोमीटरची स्पर्धा असतेच. अलीकडे त्यांच्या फलकांवर नवे शब्द दिसतात : ‘पर्यावरणपूरक’, ‘झिरो वेस्ट’, ‘कार्बन न्यूट्रल’.

आमच्या शेजारच्या काकांनी असा एक फलक वाचून मला विचारले, “माणूस आपल्या पायांनी धावतो. त्यात धूर नाही, पेट्रोल नाही. मग पर्यावरणाचा प्रश्न आला कुठून?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला मिळाले ते तिसवाडीतल्या एका खाजनाच्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीच्या, बांधावर. काही वर्षांपूर्वी तिथून जाणाऱ्या एका स्पर्धेत मी पाणी वाटायला उभी होते. आम्ही टेबलावर कपांच्या रांगा लावल्या होत्या. धावणारा येई, कप उचली, दोन घोट घेई, पुढच्या दहा पावलांत कप खाली पडे. वारा खाडीकडून होता. आम्ही रस्त्यावरचे कप गोळा केले, आयोजकांनी सफाईचे फोटो काढले आणि सगळे घरी गेले. माझी चप्पल तिथेच राहिली म्हणून मी दुपारी परत गेले, तेव्हा ओहोटी लागली होती. खाजनात पाणी घेणारे आणि सोडणारे लाकडी दार असते, त्याला आपण मानस म्हणतो. त्या मानशीच्या तोंडाशी जाळे लावलेले होते आणि जाळ्यात सुंगटांबरोबर आमचे पांढरे कप अडकले होते. जाळे झाडणारे भाई मला म्हणाले, “बाय, आयज सुंगटां उणीं आनी तुमचे कप चड.” म्हणजे आज कोळंबी कमी आणि तुमचे कप जास्त. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र अजून ते वाक्य आठवते.

एका घोटाचे गणित

एकवीस किलोमीटरच्या स्पर्धेत साधारण दर अडीच किलोमीटरवर पाण्याचे टेबल असते. म्हणजे आठ टेबले. धावणारे एक हजार असतील आणि प्रत्येकाने प्रत्येक टेबलावर एकच कप घेतला, तर आठ हजार कप होतात. गोव्याच्या दमट हवेत बरेच जण दोन घेतात, एक पिण्याला आणि एक डोक्यावर ओतायला. कपाऐवजी छोट्या बाटल्या दिल्या तर हिशेब आणखी बिघडतो. धावता धावता कोणी बाटली संपवत नाही, दोन घोट घेऊन टाकून देतो. प्लास्टिक वाया जातेच, शिवाय गाळून, भरून, ट्रकने आणलेले पाणीही गटारात जाते.

त्यात भर जेलच्या पुड्यांची. जेल म्हणजे लांब पल्ल्याचे धावणारे वाटेत खातात तो साखरेचा दाट पाक, बोटभर पुडीत भरलेला. पुडी दातांनी फाडली की वरची नखाएवढी पट्टी सुटते आणि गवतात पडते. पुडी स्वयंसेवकाला दिसते, पट्टी दिसत नाही. पहिल्या पावसात ती ओहोळात जाते. पुडी सापडली तरी तिचे पुन्हा काही बनत नाही, कारण ती प्लास्टिक आणि धातूच्या थरांची असते. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, पण असा पुनर्वापर न होणारा सुका कचरा आपल्याकडे शेवटी गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जाळायलाच पाठवावा लागतो.

‘झिरो वेस्ट’ म्हणजे कचराच झाला नाही, असा अर्थ कोणी घेऊ नये. जगभर ढोबळमानाने असे मानतात की झालेल्या कचऱ्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक कचरा पुन्हा वापरात, पुनर्प्रक्रियेत किंवा खतात गेला, जमिनीत पुरला किंवा जाळला गेला नाही, तर त्या कार्यक्रमाला हा शब्द वापरता येतो. म्हणजे हे वजन करून सिद्ध करायचे असते.

कागदी कप म्हणजे कागदच ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. नुसत्या कागदाच्या कपात पाणी ओतले तर तो पाच मिनिटांत भिजून खाली बसेल. तसे होत नाही, कारण कपाला आतून प्लास्टिकचा पातळ लेप असतो. कागद आणि लेप वेगळे करणे अवघड, म्हणून रद्दीवालाही हे कप घेत नाही. देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कप-ग्लासांवर बंदी आली, तेव्हा अनेक आयोजक कागदी कपांकडे वळले. हेतू चांगला होता, पण खाजनाचे दुखणे तसेच राहिले.

मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या, ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या कपांचेही तसेच. कंपोस्टेबल म्हणजे खत होण्याजोगा. पण हे खत व्हायला सुमारे ६० अंशांची उष्णता सतत टिकवणारी मोठी यंत्रणा लागते. परसातल्या खड्ड्यात किंवा खाडीच्या चिखलात असा कप कित्येक महिने, वर्षे तसाच राहतो. कप गोळा होऊन त्या यंत्रणेपर्यंत जाणार नसेल, तर त्याच्यावरच्या हिरव्या पानाच्या चित्राला काही अर्थ नाही.

मग पाणी प्यायचे कशातून?

आपल्याकडे याचे उत्तर जुने आहे, पाणपोई. पाणपोईवर पाणी तिथले असते आणि भांडे तिथेच राहते, नाहीतर वाटसरूचे स्वतःचे असते. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून मों ब्लां पर्वताला वळसा घालणारी यूटीएमबी ही सुमारे १७० किलोमीटरची शर्यत डोंगरी धावण्यात मानाची समजली जाते. तिथे प्रत्येकाला स्वतःचा कप जवळ बाळगावाच लागतो, टेबलावर कप मिळत नाही. मोरोक्कोच्या सहारा वाळवंटातल्या मॅरेथॉन दे साब्लमध्ये पाण्याच्या बाटलीवर धावणाऱ्याचा क्रमांक लिहिलेला असायचा, म्हणजे वाटेत टाकलेली बाटली कुणाची ते लपत नसे आणि दंड होई. लंडन मॅरेथॉनने २०१९ मध्ये एका टेबलावर समुद्री शेवाळापासून केलेल्या, खाता येणाऱ्या तीस हजारांहून अधिक पुड्यांतून पेय दिले.

शेवाळाच्या पुड्या आपल्याला परवडतील असे वाटत नाही. स्वतःचा कप मात्र आजच जमण्यासारखा आहे. रबरासारखा मऊ, दुमडून खिशात मावणारा कप मिळतो. नवख्या धावणाऱ्यांसाठी टेबलावर स्टीलचे पेले ठेवता येतात. लग्नाच्या पंगतीला, देवळाच्या महाप्रसादाला जे कंत्राटदार हजार-दोन हजार पेले पुरवतात आणि धुऊन परत नेतात, तेच इथेही येतील. मात्र त्यासाठी टेबलापुढे पन्नास पावलांवर टप लागतो, कारण धावणारा पेला रिकामा करीपर्यंत तेवढे अंतर गेलेले असते. कचऱ्याचे डबे टेबलाला चिकटून ठेवणे ही मी सगळीकडे पाहिलेली चूक आहे. डबा जिथे आयोजकाला सोयीचा तिथे असून चालत नाही, घोट जिथे संपतो तिथे लागतो.

आणखी एक बारकावा. पुन्हा वापरायच्या कपांवर काही जण वर्ष आणि स्पर्धेचे नाव छापतात. मग ते लोक आठवण म्हणून घरी नेतात आणि पुढच्या वर्षी आयोजकाला नवे छापावे लागतात. असा कप बनवायला कागदी कपापेक्षा जास्त माल आणि ऊर्जा लागलेली असते. तो पुष्कळदा वापरला गेला, तरच त्याचा फायदा. कोरा कप घ्यावा आणि अनामत ठेवावी, सोड्याच्या काचेच्या बाटलीवर दुकानदार ठेवतो तशी. गोव्यात २०२४ मध्ये अनामत परतावा योजना अधिसूचित झाली, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

पेयाच्या बाबतीत मला आपल्या घरचेच सुचते. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते, म्हणून लांब धावताना नुसते पाणी पुरत नाही. सोलांचे सरबत, त्यात गूळ आणि मीठ, मोठ्या पिंपात करून ठेवले की एकही पुडी न फाडता साखर, मीठ आणि पाणी तिन्ही मिळतात. शर्यत संपल्यावर उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पातळभाजी पत्रावळीवर वाढली तर केटरिंगच्या चकचकीत डब्यांची गरज उरत नाही.

“पाणी कमी पडून कोणी कोसळले तर?”

ही शंका डॉक्टर काढतात आणि ती गंभीरपणेच घ्यायला हवी. गोव्यात सकाळी आठनंतर उन्हाची तिरीप आणि हवेतली वाफ मिळून माणसाला लवकर थकवतात. म्हणून पाणी एक थेंबही कमी करायचे नाही, भांडे बदलायचे. अडचण वेळेची येते. बारीक नळाच्या पिंपापुढे पाच जण उभे राहिले तर सहावा न पिता पुढे जातो, तेच धोक्याचे. त्यावर उपाय म्हणजे रुंद तोटीची पिंपे, तांब्याने किंवा जगने ओतणारी दोन माणसे जास्त, आणि शेवटच्या टप्प्यातल्या टेबलांवर भरून ठेवलेले पेले. जिंकण्यासाठी धावणाऱ्या पहिल्या वीस-तीस जणांना सेकंद मोजावे लागतात. त्यांच्या बाटल्या वेगळ्या ठेवल्या म्हणून काही बिघडत नाही. उरलेल्या साडेनऊशेहून अधिक जणांना पाच सेकंद थांबायला हरकत नसते. मी स्वतः त्यांच्यातली आहे.

सगळ्यात मोठा वाटा दिसतच नाही

आता काकांच्या ‘धूर नाही, पेट्रोल नाही’ या म्हणण्याकडे येते. कार्बन फूटप्रिंट म्हणजे एखाद्या गोष्टीपायी हवेत गेलेल्या, पृथ्वी तापवणाऱ्या वायूंचा एकूण हिशेब, किलोमध्ये मोजलेला. धावण्याच्या स्पर्धांचा असा हिशेब मांडला की सहसा सगळ्यात मोठा आकडा कप-बाटल्यांचा नसतो, धावणारे तिथवर कसे आले याचा असतो.

साधे गणित करून पाहा. पेडण्याहून एक जण गाडीने पणजीला येऊन परत गेला, धरा साठ किलोमीटर, चार लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे नऊ किलोंच्या आसपास. दिल्लीहून एक जण विमानाने येऊन गेला, जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटर. विमानात माणशी किलोमीटरला ढोबळमानाने १०० ग्रॅम धरले तर ३०० किलो. एका पाहुण्याच्या येण्या-जाण्यात पेडण्याच्या तीसेक गाड्या बसतात. आठ हजार कप आपण झाडूने गोळा करू शकतो, हे ३०० किलो कुठल्याच झाडूला लागत नाहीत.

याचा अर्थ बाहेरच्यांनी येऊ नये का? असे मी म्हणणार नाही. हॉटेलवाले, टॅक्सीवाले, भाजी-पावाचे गाडे अशी कितीतरी घरे पाहुण्यांवर चालतात. पण आयोजकाच्या हातात बरेच काही असते. कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आला. मुंबई, रत्नागिरी, कारवार, मंगळूर इथून येणाऱ्यांसाठी रेल्वेने येणे विमानापेक्षा कितीतरी हलके पडते. तरीही क्रमांक वाटपाची खिडकी शनिवारी दुपारीच बंद होत असेल तर संध्याकाळच्या गाडीने येणारा माणूस नाइलाजाने विमान धरतो. खिडकी रात्रीपर्यंत उघडी ठेवायला काहीच खर्च येत नाही. दिल्ली-कोलकात्याहून यायचेच असेल, तर एका विमानफेरीत चार दिवस राहून जा, असे सुचवता येते. दीड दिवसासाठी उडत येणे हा सगळ्यात महागडा प्रकार.

आपल्या लोकांची अडचण वेगळी आहे. शर्यत पहाटे पाचला सुरू होते आणि त्या वेळी सरकारी कदंब महामंडळाची एकही बस आपल्याला तिथे पोचवत नाही. म्हणून एकेका गाडीतून एकेक माणूस येतो आणि मग गाड्या लावायला कोणाचे तरी शेत किंवा मैदान लागते. म्हापसा, फोंडा, मडगाव आणि वास्को इथून साडेतीनला खास बस सोडायची, तिचे भाडे प्रवेश शुल्कातच धरायचे. ज्याने भाडे आधीच भरले, तो गाडी काढण्याआधी विचार करतो. ‘ऐच्छिक’ बस मात्र रिकामी धावते.

झाडे लावली की फिटले?

‘कार्बन न्यूट्रल’ म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढा दुसरीकडे कुठेतरी शोषून घेतला किंवा वाचवला, असा दावा. बहुधा तो झाडे लावून केला जातो. मोठे झालेले झाड वर्षाला साधारण वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड घेते. म्हणजे दिल्लीच्या एका पाहुण्यासाठी पंधरा मोठी झाडे, एक वर्ष. रोप तर त्याच्या कितीतरी पट कमी घेते आणि मोठे होईपर्यंत जगले पाहिजे.

आणि रोपे लावतात कधी? शर्यतीच्या दिवशी, डिसेंबर-जानेवारीत, पाहुण्यांच्या हस्ते. जांभ्या दगडाच्या जमिनीत डिसेंबरात लावलेले रोप रोज पाणी घातल्याशिवाय मार्चचे तोंड पाहत नाही, हे आमच्या घरातली शाळकरी मुलेही सांगतील. झाड लावायचे तर जूनमध्ये, मृगाच्या सरी पडल्यावर, आणि तीन वर्षे राखण करणारे माणूस ठरवून. लावलेल्या रोपांचा आकडा सांगणाऱ्याला, किती जगली तेही विचारावे. आधी कार्बन कमी सोडायचा, उरला तेवढ्याचीच भरपाई करायची. हा क्रम उलटा झाला तर दावा पोकळ ठरतो.

कासवे, पक्षी आणि आपला हंगाम एकच

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. धावायला गार हवा लागते, म्हणून आपण हिवाळा निवडतो. ऑलिव्ह रिडले कासविणीही याच महिन्यांत मोरजी, आश्वे, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. एकेक मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि जिकडे जास्त उजेड दिसेल तिकडे चालू लागतात. अंधाऱ्या रात्री सगळ्यात उजळ समुद्रच असतो, म्हणून त्यांचे बरोबर जमते. पहाटे साडेचारला किनाऱ्यावर प्रखर दिव्यांची कमान उभी केली, तर पिल्ले कमानीकडे वळतात. वन खात्याने घरट्यांभोवती घातलेली जाळी पायांपासून वाचवते, उजेडापासून नाही.

चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे. रायबंदरची मिठागरे आणि खाडीकाठ मांडवीच्या पलीकडे, त्याच्या समोरच. स्थलांतरित पक्षी तिथे हिवाळ्यातच असतात, आणि पहाट ही त्यांची चरण्याची वेळ. तिथल्या रस्त्यावरून माणसे नुसती धावत गेली तर पक्षी थोडे सरकतात आणि परत येतात. ध्वनिवर्धकावर गाणी वाजू लागली की उडून जातात. मग मार्गाच्या त्या टप्प्यात गाणी नकोत, दिवे खाली झुकलेले हवेत, आणि मोरजी-गालजीबागसारख्या वाळूवर त्या महिन्यांत शर्यतच नको. वाळूवर धावायचेच तर जिथे कासवे येत नाहीत तो किनारा निवडावा.

पावसाळ्यातल्या सड्यावरच्या शर्यतींचे दुखणे निराळे. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो, आणि पावसाच्या त्या चार महिन्यांत त्यावर इवल्याशा फुलांचे गालिचे येतात. शेणाने सारवलेले ओले अंगण डोळ्यांसमोर आणा. दहा माणसे गेली तर ठसे उमटतील, पाचशे गेली तर अंगणच उरणार नाही. त्यात चिखल टाळायला प्रत्येक जण डबक्याच्या बाजूने जातो आणि हातभर पायवाट बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते. अशा जागी किती माणसे सोडायची हा आकडा आधी ठरतो, प्रायोजकाला किती हवीत ते नंतर. शंभरांचे गट, वेगवेगळे रविवार, आणि डबक्यातूनच जायचे असा नियम.

टी-शर्ट आणि पदक

यावर थोडक्यात. प्रत्येक स्पर्धेत मिळणारा टी-शर्ट पॉलिस्टरचा असतो, म्हणजे खनिज तेलापासून केलेल्या प्लास्टिकच्या धाग्याचा, आणि दर धुण्याला त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. माझ्या कपाटात असे चौदा आहेत. नोंदणीच्या वेळी ‘टी-शर्ट नको’ अशी खूण करायची सोय द्यावी आणि तेवढे पैसे कमी करावेत, पुष्कळ जण खूण करतील. टोकियो ऑलिम्पिकची सुमारे पाच हजार पदके जुन्या मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातून काढलेल्या धातूंची होती. आपल्याला करटीचे, म्हणजे नारळाच्या करवंटीचे, किंवा डिचोलीच्या कुंभारांनी भाजलेल्या मातीचे पदक चालेल. स्वागताच्या कमानीला फ्लेक्स कशाला? चवथीला आपण माटोळी बांधतो. रानातली फळे, पाने, सुपारीचे शिपटे, सगळे दोरीला बांधलेले आणि नंतर मातीला परत जाणारे. तशी कमान बांधणारे हात प्रत्येक वाड्यावर आहेत.

“एका सकाळचे एवढे काय?”

शेवटची शंका सगळ्यात जास्त ऐकू येते. गोव्यात वर्षाला एक कोटीच्या आसपास पर्यटक येतात, त्यापुढे हजार धावणाऱ्यांचा कचरा किती? खरे आहे, थोडाच. पण भाईंच्या जाळ्यात एक कोटी पर्यटकांचा कचरा आला नव्हता, आमचा आला होता. खाजन त्यांचे, बांध गावाने राखलेला, आणि आम्ही तिथून एक तास धावून गेलो. दुसऱ्याच्या अंगणातून जाताना आपण जेवढे जपतो तेवढे जपणे आपल्याकडून राहिले. शिवाय धावणाऱ्याला स्वच्छ हवा आणि मोकळी वाट लागते. त्याच्याइतका या गोष्टींचा गरजू दुसरा कोणी नसेल.

खर्चाबद्दलही थोडे. बस आणि पेल्यांचे भाडे वाढते, पण टी-शर्ट, फ्लेक्स, बाटल्या आणि पुड्या यांचे पैसे वाचतात. दोन-तीन आयोजकांनी मिळून पेले, पिंपे आणि टप घेतले तर दुसऱ्याच वर्षी भार हलका होतो. कार्यक्रम कमी हानीने कसे करावेत याची आयएसओ २०१२१ नावाची आंतरराष्ट्रीय मानक-पद्धत लंडन ऑलिम्पिकच्या वेळी, २०१२ मध्ये आली. तिचे प्रमाणपत्र घेणे छोट्या आयोजकाला झेपणार नाही, पण तिचा पहिला धडा फुकट आहे : मोजा आणि लिहून ठेवा.

मागच्या हिवाळ्यात आम्ही आमच्या एका टेबलापुरते ते केले. तिथे आयोजकांनी बाटल्याच दिल्या होत्या. शर्यत संपल्यावर सगळ्या पोत्यांत भरल्या आणि बाजारातल्या भंगारवाल्याकडचा टांगायचा काटा मागून आणला. पहिले पोते काट्याला अडकवले तर एका माणसाला उचलवेना. रिकाम्या बाटल्या एवढ्या जड कशा, म्हणून आम्ही पोते सोडले आणि एकेक बाटली उघडून झाडांच्या बुंध्याशी ओतू लागलो. ओतून संपायला पाऊण तास लागला. पुन्हा वजन केले तेव्हा तेच पोते एका हाताने उचलले गेले.